आक्का घर बघायला येतात

आक्का कुणाच्याही घरात शिरल्या की आधी आडव्या व्हायच्या. ओळखपाळख, पाणी, चहा हे सगळं नंतर. पांढरे कॅनव्हासचे बूट दारात काढायचे, पदर कमरेला खोचायचा आणि घरात जिथं म्हणून माणूस पाठ टेकतो तिथं फरशीवर उताणं पडून वर बघायचं. घरची माणसं गांगरून जायची. एका घरात तर बाईंना फिट आली असं समजून कुणीतरी पळत जाऊन कांदा फोडून आणला. आक्कांनी तो हुंगला, कांदा जुना आहे म्हणाल्या आणि पडल्या पडल्याच विचारलं, या खोलीत आजारी माणूस कोण झोपतं? झोपत होतं. घरमालकाचे वडील पावसाळाभर त्या खोलीत अंथरुणाला खिळून होते आणि बरोबर त्यांच्या डोळ्यांवर, छताला, ओलीचा हा एवढा डाग पडलेला होता. घरच्यांना मात्र नवा टीव्ही लावायला बाहेरच्या खोलीतली भिंत सजवून हवी होती. आक्कांनी आधी तो डाग घालवला आणि मग टीव्हीच्या भिंतीकडे वळल्या.

"उभ्या माणसाला घर कळत न्हाय," असं त्या म्हणायच्या. आणि हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, माझं नव्हे. हे आवर्जून सांगतो, कारण त्या कार्यक्रमाचा लेखक मी होतो.

कोल्हापुरातल्या एका लहानशा चॅनेलवर 'घर तेच की' नावाचा कार्यक्रम लागायचा. दर आठवड्याला एक घर. जुनं घर पाडायचं नाही, नवं बांधायचं नाही. आहे त्यातच हात फिरवून राहण्यासारखं करायचं आणि ते सगळं कॅमेऱ्यात धरायचं. आक्का त्याच्या सूत्रसंचालक. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तरी उपयोग नाही, कारण अख्खा जिल्हा त्यांना आक्काच म्हणतो. त्यांच्या घरी येणाऱ्या लग्नपत्रिकांवरसुद्धा 'सौ. आक्का' एवढंच असतं. मी तेव्हा नुकताच मराठी घेऊन एम.ए. झालो होतो आणि आपण भाषेची सेवा करायला जन्मलो आहोत अशी माझी खात्री होती. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या हातात स्क्रिप्ट ठेवलं. त्याची सुरुवात अशी होती, की घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत.

आक्कांनी ते चष्मा लावून वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग काय हाय ओ? चार भिंतीच हायत की. त्या आधी नीट करूया, बाकीचं ती माणसं बघून घेतील."

माझे ते कागद त्या दिवशी रंगाच्या डब्याखाली गेले, फरशीवर डाग पडू नयेत म्हणून. पुढं दर आठवड्याला जात राहिले. मी लिहायचं थांबवलं नाही आणि त्यांनी अंथरायचं थांबवलं नाही. आमचं छान जमलं होतं.

त्या जयसिंगपूरच्या. वडिलांचं रंगांचं आणि हार्डवेअरचं दुकान होतं. आईशी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि कंपनीच्या एजंटाशी हिंदी अशा तिन्ही भाषा त्या दुकानाच्या फळीवर बसून शिकल्या. तिन्ही सारख्याच मोठ्यानं बोलायच्या. मिस्त्री लोकांना थांबवायचं असलं की 'साकु' असं कानडीतून ओरडायच्या, म्हणजे पुरे. आमचा कुठलाही मिस्त्री कन्नड जाणत नव्हता, पण 'साकु' म्हटलं की हातोडी हवेतच राहायची. आणि आमच्याकडच्या बायका बोलतात तसं त्या 'मी येतो', 'मी बघतो' असंच बोलायच्या, कॅमेऱ्यासमोरसुद्धा.

टीव्हीवर त्या आल्या त्याही अशाच, न बोलावता. लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावर वडिलांच्या दुकानाची जाहिरात द्यायला म्हणून त्या स्टुडिओत गेल्या होत्या. तिथं एक निवेदिका थेट प्रक्षेपणात भिंतीला रंग कसा द्यावा हे दाखवत होती. आक्का कॅमेऱ्यामागच्या बाकावर बसून बघत होत्या. निवेदिकेनं ओल्या गिलाव्यावर सरळ ब्रश फिरवला तशा त्या उठल्या, कॅमेऱ्यासमोर गेल्या, तिच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि भिंत वाळली आहे की नाही हे हाताच्या उलट्या बाजूनं कसं बघायचं, ते लोकांना समजावून सांगितलं. निवेदिकेलाही सांगितलं, प्रेमानंच. चॅनेलच्या मालकांना त्या दिवशी इतके फोन आले, की पुढच्या आठवड्यात निवेदिका भक्तिगीतांच्या कार्यक्रमाकडे गेली आणि आक्का तिच्या जागी. निवेदिका पुढं मला भेटली तेव्हा म्हणाली, सुटले बाई.

आता खडूबद्दल सांगायला हवं, कारण आक्का प्रसिद्ध झाल्या त्या खडूमुळे.

असल्या कार्यक्रमांचा शेवट सगळीकडे ठरलेला असतो. घरच्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून आणायचं, पट्टी सोडायची, त्यांनी तोंडावर हात घ्यायचा, रडायचं, संगीत वाजवायचं. आमच्याकडे पहिल्या दोन-तीन घरांत हे करून बघितलं. पण कोल्हापूरचा माणूस पट्टी सोडल्यावर रडत नाही. तो आधी स्विच सरळ बसला आहे का बघतो. मग कपाटाचं दार उघडून, लावून, परत उघडून बघतो. एका गृहस्थांनी तर संगीत सुरू असतानाच विचारलं, ह्यो रंग कुणी निवडला. चॅनेलचे मालक डोक्याला हात लावून बसले. आक्का मात्र खूश झाल्या. त्यांनी पट्टी फेकून दिली आणि पुढच्या घरापासून घरच्यांच्या हातात एक पांढरा खडू द्यायला सुरुवात केली. जे आवडलं नाही त्यावर फुली मारायची. सगळ्या फुल्या निस्तरल्याशिवाय आक्का आणि त्यांची माणसं घर सोडणार नाहीत, हा कार्यक्रमाचा शेवट.

लोक ते बघायला घड्याळ लावून बसायचे. कुणाच्या घरात किती फुल्या पडल्या याची चर्चा दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर व्हायची. पेठ वडगावच्या एका घरात सासूबाईंनी सुनेला आवडलेल्या प्रत्येक वस्तूवर फुली मारली आणि सुनेनं सासूबाईंना आवडलेल्या प्रत्येक वस्तूवर. आक्का ओट्यावर बसून शेंगा खात दोघींचा खेळ बघत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, की दोघींनी मिळून सोडलेली एखादी जागा आहे का. शोधल्यावर सापडली, मागच्या दारातली कपडे धुवायची फरशी. दोघींनाही ती तितकीच पसंत होती. मग आक्कांनी सांगितलं, आता दोघी त्या फरशीवर जाऊन बसा आणि तिथनं आम्हाला सांगा कुठली फुली खरी आणि कुठली रागाची. दोघी तिथं बसल्या, आधी एकमेकींकडे पाठ करून. संध्याकाळपर्यंत निम्म्या फुल्या त्यांनी स्वतःच ओल्या फडक्यानं पुसल्या. त्या भागाला मी 'नात्यांचा रंग' असं नाव दिलं होतं. आक्कांनी ते बदलून 'वडगावची फरशी' केलं.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना मुंबईहून साहेब आले.

एका मोठ्या चॅनेलचे ते अधिकारी होते. तरुण, हसतमुख, माणूस वाईट नव्हता. त्यांना आमचा कार्यक्रम अख्ख्या महाराष्ट्रासाठी हवा होता, आक्कांसकट. गावोगावी फिरायचं, कोकण, विदर्भ, मराठवाडा, खानदेश. आधी एक नमुन्याचा भाग करून द्यायचा, तो वरच्या लोकांना पसंत पडला की करार. अटी मात्र होत्या. काम सुरू असताना घरचं कुणी घरात नको, म्हणजे शेवटी आश्चर्य वाटेल. घर आधी जाऊन बघायचं नाही, फोटोवरून ठरवायचं, वेळ वाचतो. आणि खडू नको. प्रेक्षकांना शेवटी आनंद बघायचा असतो, तक्रार नव्हे, असं साहेब म्हणाले.

मला वाटलं आक्का आता त्यांना बाहेर काढतील. पण आक्कांनी त्यांना चहा पाजला. साहेब गेल्यावर मी चिडून काहीतरी बोललो, तत्त्वाचं वगैरे. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं.

"तुमाला सांगतो," त्या म्हणाल्या, "माझा अप्पा जयसिंगपूर सोडून कुठं गेला न्हाय. मीबी तिथनं उठलो ते हितं येऊन बसलो. मला सगळ्या म्हाराष्ट्रातली घरं बघायची हायत. कोकणात लोक कशी झोपत्यात, नागपुराकडं उन्हाळ्यात काय करत्यात, ते आत जाऊन बघायचं हाय. मला कोण बोलवनार हाय दुसरं? खडू ठेवतो की पिशवीत."

त्यांना किती हवं होतं ते तेव्हा मला कळलं. ज्या बाईला घरात शिरल्याशिवाय चैन पडत नाही तिच्यासाठी अख्ख्या राज्याची दारं उघडणार होती. मी माझं तत्त्व गुंडाळून ठेवलं.

नमुन्यासाठी मंगळवार पेठेतलं एक घर ठरलं. फोटो आले; लांबट स्वयंपाकघर, जुना कडाप्प्याचा ओटा, भिंतीवर लोखंडी मांडणी. ओळख म्हणून निळं दार. अटीप्रमाणे त्या घरची माणसं आदल्या दिवशीच पाहुण्यांकडे गेली. जाताना फोनवर सांगून गेली, की शेजारच्या मामांकडे किल्ली आहे, ते दार उघडून देतील. मामा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, एकटेच राहतात, माणूस देवासारखा.

सकाळी आमचा टेम्पो गल्लीत शिरला. निळं दार उघडंच होतं आणि दारात एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. "या, या पावणं," म्हणाले. "वाटच बघालतो." मामा हेच हे आम्ही ओळखलं. त्यांनी आम्हाला आत नेलं, स्वयंपाकघरात खाली बसवलं आणि उप्पीट आणि चहा दिला. मुंबईच्या साहेबांनी पोट भरलं असं सांगायला तोंड उघडलं, तर मामांनी त्यांच्या ताटलीत आणखी एक डाव उप्पीट वाढलं. इतकी तयारी ठेवणारा शेजारी बघून साहेब भारावून गेले होते.

खाऊन झाल्यावर आक्का झोपायच्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. मामांनी दारातून बघितलं आणि एक उशी आणून त्यांच्या डोक्याखाली दिली. प्रवासानं दमल्या असतील म्हणाले. मग आमचे सुतार इस्माईलभाई आणि गवंडी स्वयंपाकघरात शिरले. मांडणी उतरवली. भांडी मामांनी स्वतः एकेक करून बाहेर नेली. ओट्याचा कडाप्पा उचकटला, खालचा कट्टा फोडला, एका भिंतीचा गिलावा खरवडला. मामा प्रत्येक घावाला जरासे डोळे मिटायचे, एवढंच. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, तिखट किती चालतंय सगळ्यांना? आणि शेगडी मागच्या परसात नेऊन ते स्वयंपाकाला लागले.

दुपारी परसात पंगत बसली. भाकरी, पिठलं, भात, ताक. जेवण आटोपलं, हात धुतले. मामा पंच्याला हात पुसत आक्कांसमोर आले, फळीच्या खिळ्यावरची एक किल्ली काढली आणि अदबीनं म्हणाले, "आता शेजारचं दार उघडून देऊ काय? का तिकडं उद्या सुरू करतासा?"

आम्ही सगळे त्या किल्लीकडे बघत राहिलो.

शेजारी, भिंतीला भिंत लागून, तसंच एक घर होतं. तसंच निळं दार. दोन सख्ख्या भावांनी कधीकाळी एकाच मापानं बांधलेली ती घरं. आणि मागच्या दिवाळीला शेजाऱ्यांच्या दाराचा उरलेला अर्धा डबा रंग मामांनी आपल्या दाराला मारलेला. आम्ही मामांचं घर फोडलं होतं. मुंबईच्या साहेबांच्या तोंडात बडीशेप होती, ती तशीच राहिली.

आक्कांनी विचारलं, "मामा, सकाळधरनं तुमचं सैपाकघर फोडालोय आमी. तुमी गप बसलासा कसं?"

मामा संकोचले. म्हणाले, "पावणं दारात आल्यावर कशाला आलायसा असं इचारायचं व्हय? मला वाटलं, तुमच्यात आशीच पद्धत असंल. आधी शेजाऱ्याचं पाडत्यात आन मग त्यांचं."

आक्का आधी हसल्या. असं हसल्या की त्यांना परसातल्या कट्ट्यावर बसावं लागलं. मग डोळे पुसत त्यांनी मामांचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, की हे घर आता आमचं. आधी तुमचं पुरं करणार आणि मग शेजारचं. शेजाऱ्यांना फोन केला. ते चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त मामांनी जेवायला काय घातलं ते विचारलं आणि आणखी थोडे दिवस पाहुण्यांकडे राहायचं ठरवलं.

साहेब तर हरखून गेले. असा प्रसंग लिहून मिळत नाही म्हणाले. (माझ्याकडे बघून म्हणाले.) नमुन्याचा भाग आता मामांच्याच घराचा करायचा ठरलं. मामांनी काम संपेपर्यंत स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही, त्यांना काही विचारायचं नाही, शेवटी डोळ्यांवर पट्टी.

आणि आक्कांनी खरोखर काही विचारलं नाही. एरवी घरातल्या बाईबरोबर, किंवा जो कोण चूल सांभाळत असेल त्याच्याबरोबर, त्या स्वयंपाकघरात बसून तासभर चहा प्यायच्या आणि त्या गप्पांतच ओटा कुठं, कपाट कुठं हे ठरायचं. या वेळी त्यांनी स्वतःच्या डोक्यानं ठरवलं. एकटा, उतारवयाचा माणूस. गुडघे कुरकुरतात. म्हणून हाताच्या उंचीवर सगळं. वाकायला नको, चढायला नको. लांबट खोलीच्या अर्ध्या भागात उंच, देखणं कपाट, त्याला जोडून एक घडीचं टेबल आणि पुढं एक खुर्ची. इस्माईलभाईंनी ते कपाट जीव ओतून केलं. मी आजवर त्यांच्या हातचं इतकं सुंदर काम बघितलं नव्हतं. आक्का रोज त्याच्यावर हात फिरवायच्या.

शेवटच्या दिवशी, रविवार होता, पट्टी बांधून मामांना आणलं. पट्टी सोडली. मामांनी सगळीकडे नजर फिरवली, हात जोडले आणि म्हणाले, "लई चांगलं केलासा." त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. साहेबांनी कॅमेरामनला अंगठा दाखवला. मुंबईचं काम झालं होतं. आक्कांच्या पिशवीतला खडू पिशवीतच होता.

साहेब गाडीत बसायच्या गडबडीत असतानाच मामांनी कोपऱ्यातली लांब चटई उचलली. ती आधी स्वयंपाकघरात धरून बघितली, इकडून, मग तिकडून. कपाटामुळे ती पसरत नव्हती. त्यांनी कुणाला काही न बोलता ती गुंडाळली आणि परसाकडे निघाले. बाहेर ऊन रणरणत होतं. हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. आक्कांच्या आलं.

त्यांनी विचारलं, चटई कशाला? मामा म्हणाले, काही नाही, रविवार आहे ना. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. रविवारी डेपोतली जुनी माणसं जेवायला येतात. ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपमधले. बायको होती तेव्हापासूनची रीत. मुक्कामाच्या गाडीवरून आलेल्या माणसाला ती रविवारी त्या स्वयंपाकघरात बसवून जेवू घालायची. ती गेल्यावर मामांनी मटण शिकून घेतलं, पण पंगत मोडली नाही. सहा-सात माणसं समोरासमोर बसतात. आता बसतील परसात, त्यात काय एवढं, असं ते म्हणाले.

मी आक्कांना चुकीचं घर फोडल्यावर हसताना बघितलं होतं, आणि आता ही बाई एका कपाटासमोर उभी राहून घामाघूम झाली होती. त्यांनी पिशवीतून खडू काढून मामांसमोर धरला. साहेब दारातूनच म्हणाले, "आक्का, नको. झालंय सगळं, उत्तम झालंय." मामांनीही खडू घेतला नाही.

"पावण्यानं हातानं केल्यालं काम," ते म्हणाले, "त्याला फुली मारायची व्हय?"

"आमी पावणं न्हाय मामा," आक्का म्हणाल्या. "पावण्यावानी आलो आन तुमच्या ताटात जेवलो, त्ये खरं. पर आमी कामाला आलोय. काम चुकलंय आमचं. तुमी सांगितल्याबिगर मी हितनं हलनार न्हाय."

मामांनी त्यांच्याकडे बघितलं. मग इस्माईलभाईंकडे बघितलं आणि त्यांचीच माफी मागितल्यासारखं बोलले. "कपाट लई देखणं हाय. पर माणसं बसायची कुठं?"

इस्माईलभाईंनी आक्कांच्या सांगण्याची वाट बघितली नाही. पेचकस घेऊन ते पहिल्या बिजागरीला लागलेसुद्धा. साहेब आत आले. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की शेवट मिळालेला आहे, वरच्यांना तोच हवा आहे. हे असं तोडफोडीनं संपलं तर ते नाकारतील, आणि मग त्यांच्याही हातात काही राहणार नाही. त्यांचंही खरं होतं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या आमच्या कॅमेरामनला म्हणाल्या, की बंद करू नकोस, हे सगळं घे. आणि कपाटाची दुसरी बाजू धरायला स्वतः गेल्या.

डेपोची माणसं आली तेव्हा कपाट बाहेरच्या खोलीत उभं होतं, घडीचं टेबल उलटं पडलं होतं आणि स्वयंपाकघरात चटई अंथरलेली होती. सगळे बसले. आम्हीही बसलो. साहेबांना गाडीची घाई होती, पण मामांनी त्यांना विचारलंच नाही, सरळ ताट मांडलं. पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी पिताना साहेब माझ्या कानात म्हणाले, की मी वर जोर लावून बघतो, पण आशा ठेवू नका.

त्यांनी जोर लावला असणार, कारण नकार यायला बरेच दिवस लागले. फोन आला तेव्हा आक्का शेजारच्या घरात ओटा बसवत होत्या. ते घरही कबूल केल्याप्रमाणे केलंच. फोन ठेवून त्या पायरीवर बसल्या. मी म्हणालो, जाऊ द्या आक्का, तुम्हाला थोडंच वाईट वाटणार आहे. "वाटलं की," त्या म्हणाल्या. "लई वाटलं. का वाटू ने?" आणि तो सबंध दिवस त्या उदास राहिल्या, कुणावर ओरडल्या नाहीत. मिस्त्रींना ते फार जड गेलं.

मामांच्या घराचा भाग आम्ही आमच्याच चॅनेलवर दाखवला, चुकीच्या दारापासून चटईपर्यंत सगळा. कुणीतरी तो मोबाईलवर टाकला आणि तो कुठल्या कुठं फिरला. एका सकाळी ऑफिसात रत्नागिरीकडच्या एका बाईंचा फोन आला. त्यांचं घर तर नीटच होतं. दुरुस्तीचं काही नव्हतं त्यांचं. त्या लाजत म्हणाल्या, "आक्कांना सांगाल का, आमच्याकडे पण एकदा चुकून या म्हणावं." तो फोन ठेवेपर्यंत दुसरा वाजला, नांदेडचा. त्यांचंही तेच म्हणणं. दुपारपर्यंत मी नावं लिहायची सोडून दिली होती. आमच्या मालकांनी डोक्याला हात लावला, पण या वेळी हसत. टेम्पोच्या डिझेलचं मी बघतो म्हणाले.

आक्कांना सांगितलं तेव्हा त्या बूट घालत होत्या. त्यांनी नाडी बांधता बांधता सगळं ऐकलं आणि इस्माईलभाईंना हत्यारं टेम्पोत टाकायला सांगितलं. उद्या पहाटे घाट उतरायचा. इस्माईलभाईंनी विचारलं, की रत्नागिरीत घर नेमकं कुठलं, पत्ता घेतला आहे का?

"गेल्यावर बघू," आक्का म्हणाल्या. "पयला च्या जो देईल, तिथनं सुरू करू."